गुलाबी डाग

केजला, मोंढ्याच्या मागं, भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत
मी पेंग्विन मोजते.
एका चित्राचे अकरा रुपये.
तांबोळी सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
पक्षी शोधू नका, इतक्या वरून तो दिसत नसतो.
डाग शोधा.
काळ्या खडकावर फिका गुलाबी डाग,
गुलालाच्या पोत्यावर पाणी सांडून वाळल्यासारखा.
ती त्यांची शीट. झिंगे खाल्ल्याचा रंग.
डागाभोवती रेघ ओढा, पुढचं चित्र घ्या.

आमच्याकडं समुद्र नाही.
धनेगावला धरण भरलं की लोक मोटारसायकली काढून बघायला जातात,
तेवढंच माझं पाणी.
पण सात महिन्यांत कळायला लागलं,
डाग कुठं असेल हे खडकाला विचारून उपयोग नाही.
खडक तर कोसकोस आहे, उघडा, वाऱ्यानं झाडलेला,
खड्यांचं घरटं रचून अंडं ठेवावं असा.
आणि मोकळाच.
डाग पडतो तिथं, जिथं
पुढ्यातलं बर्फ वेळेवर फुटतं,
तळाचं गार पाणी वर येतं,
त्यात बोटाएवढ्या झिंग्यांची दाटी असते,
आणि एकानं पिल्लाजवळ थांबून दुसऱ्यानं पोट भरून
पिल्लू जिवंत आहे तोवर परतावं
इतपतच लांब असतं सगळं.
हे मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं एकदा.
सर म्हणाले, शेऱ्याचे पैसे नाहीत.

मायला जवळून काढलेला फोटो दाखवला मोबाईलवर.
ती शेंगा फोडत होती.
हात पुसून बघितला, उलटा धरून, मग सुलटा.
असल्या गारठ्यात कोण बाळंत व्हायला जातंय, म्हणाली.
चार-पाच शेंगा फोडल्या.
मग म्हणाली,
"कारखाना जवळ असंल."

मी हसले. ती हसली नाही.

माझ्या दाखल्यावर जन्मगाव आमचंच लिहिलंय,
गुरुजींनी मायला न विचारता लिहिलेलं.
मी झाले ते नीरेच्या काठी, उसाच्या फडाजवळ,
पाचटाच्या कोपीत, पौष महिन्यात.
बैलांना वाढं टाकून झालं आणि कळा सुरू झाल्या.
टोळीतल्या सखूबाईनं नाळ कापली, कशानं ते माय सांगत नाही.
किसन झाला बेळगावकडं.
धाकटी रंजना ट्रकमध्ये, परतीच्या वाटेवर, पट्टा पडल्यावर,
तिचं गाव कुणालाच माहीत नाही.
मायचं माहेर होतं की. आडाला पाणीही होतं त्या साली.
पण दोघांचा मिळून एक कोयता, आणि उचल दोघांची.

परवा एक जुनी जागा आली पडद्यावर.
आकडे तेच, खडक तोच, मागच्या साली मीच रेघ ओढलेली.
डाग नव्हता.
कुठून तरी बर्फाचा डोंगर वाहत येऊन खाडीच्या तोंडाशी अडकला होता,
आणि पाणी चालण्याच्या पल्ल्याबाहेर गेलं होतं.
मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं.
घरट्यांचे खडे असतीलच तिथं, जिथल्या तिथं,
कोपी उठल्यावर चुलीचे तीन दगड राहतात तसे.
इतक्या वरून खडे दिसत नाहीत.
रकान्यात शून्य टाकलं. शून्याचेही अकराच रुपये.

रात्री इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला तेव्हा
सर खाली चहाला गेले होते.
मी नीरा शोधली. पूल शोधला, माय सांगते तो, दोन कमानी पडलेला.
पुलापासून वर, हिरव्याच्या कडेला,
चित्र जानेवारीतलं होतं,
एक मातकट डाग. नखाएवढा.

भोवती रेघ ओढली.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.