बिगी

जांबोटीच्या अलीकडं, रस्ता जिथं डावीकडं
लाल होतो, तिथं गाडी सोडायची.
पुढं कारवी. कारवीतनं वीस मिनिटं,
मग वाळलेला ओढा, मग एकदम म्हशीची पाठ.
दोन माणसं, वर आणखी दोन, एवढी उंच,
काळी, एका कुशीला शेवाळलेली.
नाव आम्हीच ठेवलं, पहिल्या वर्षी,
बिरू झोरेची खरी म्हैस
तिला अंग घासत होती तेव्हा.

उद्यमबागेत मी वाळूचे साचे ठोकतो, सव्वीस वर्षं.
पोकळी म्हणजे काय, ते बोटांना सांगावं लागत नाही.
म्हणून असेल, दगड मला उलटा दिसतो:
जिथं तो नाही तिथं माझं बोट बसतं.
पण मागच्या पाडव्याला गुडघा गेला.
तेव्हापासनं मी खाली, दोर धरून,
आणि वर सावक्का.

सावक्का करगुप्पी, हुक्केरीकडची, शाळेत पीटी शिकवते.
माझ्या लेकीहून दोन वर्षांनी लहान. मला मामा म्हणते
आणि मामाचं काही ऐकत नाही.
तिच्या डब्यात कडक भाकरी आणि गुरेळ्ळ.
कारळं गं ते, मी म्हणतो.
गुरेळ्ळ, ती म्हणते.
तेवढ्यात संपतं.

माथ्यावर एक किंजळ आहे. बुंध्याला
जुन्या ट्यूबचा तुकडा, सालीला काचू नये म्हणून,
त्यावर पट्टा, पट्ट्यातनं दोर,
एक टोक तिच्या कमरेला, एक माझ्या.

पहिल्याच थंडीत झालं ते.
ती मधल्या फटीत, उजवा पाय शेवाळावर,
चिमटीत खपलीएवढी कड,
आणि ओरडली: बिगी! मामा, बिगी!
माझी आई जन्मभर मला बिगीबिगी चल म्हणायची.
वाटलं, पोरीला घाई आहे, जाऊ दे वर,
आणि मी भराभरा दोर सोडला.

तिच्या भाषेत बिगी म्हणजे घट्ट.
हे मला कळलं तेव्हा ती दोन हात खाली
अंजनीच्या फांदीत लटकत होती,
कोपर सोललेलं, तोंडात चार शिव्या,
एकही शब्द न कळता मला नीट कळलेल्या.
मग तिथंच लोंबकळत हसायला लागली.
माझे हात त्या दिवशी रात्रीपर्यंत हलत होते.

बिरू म्हशी वळवत आला. वर बघितलं.
काय हुडकूलासा?
काही नाही, मी म्हटलं.
मध तर पलीकडच्या ऐनावर हाय, म्हणाला,
आणि गेला.

आता ठरलंय सगळं. बिगी म्हणजे घट्ट.
ढील हवी तर ती सडिल म्हणते, मी सैल,
मधला ड कुठं पडला दोघांनाही माहीत नाही.
धर म्हणजे हिडी.
सोड मात्र बाद. दोन्हीकडचा.
म्हशीच्या पाठीवर तो शब्द कुणी काढायचा नाही,
डबा मागतानासुद्धा.

उन्हं कलली की ती वर दोर सोडवत बसते.
तेवढ्यात मी आडवा जातो, जमिनीपासनं हातभर,
खाली रेक्झिन शिवलेली जुनी गादी.
डावा हात खोबणीत, गाल दगडाला.
दिवसभराची ऊब असते त्याला,
भट्टीची नव्हे, जनावराची.
चार पावलं. पाचव्याला गुडघा नको म्हणतो.
मी गादीवर बसतो
आणि सावक्का वरनं टाळ्या वाजवते, शाळेतल्यासारख्या.

सोमवारी भट्टीपाशी सुपरवायझर ओरडतो,
बिगी बिगी रे, रस थंड होतोय!
आणि माझे दोन्ही तळवे मिटतात,
करंगळीपासनं, आपोआप.
ठोकणी खाली पडते. पोरं बघतात.
मी वर बघतो.
पत्रा. पत्र्याला पंखा.
कुणी पडत नाहीये.