तांबं

देवगडात बर्फाच्या कारखान्यावर दोन खोल्या,
त्यातली खाडीकडची आमची प्रयोगशाळा.
खालचं यंत्र धडधडलं
की काचपट्टीवरचा समुद्रही हलतो,
म्हणून मोजणी मी पहाटेच उरकते.

उधाणाच्या ओहोटीला द्वारकाबाय
तारामुंबरीच्या खडकावरून कोयतीनं
कालवं सोडवून आणते.
"नर खंयचो, मादी खंयची, तां तू बघ," म्हणते,
"माका सगळी सारकीच, आमटीत."

नराच्या पोटातला दुधी थेंब.
आत असतात तोवर निजलेले, लाखोंनी.
खारं पाणी लागलं की उठतात,
रापणीची हाक गेल्यावर
सगळा वाडा वाळूवर धावतो, तसे.

पाण्यातून चुना काढून घेतला
तरी धावतात,
पण वळत नाहीत.
अंडं डाव्या हाताला असलं तरी
हे गरागरा आपल्याच चकरीत.
वळण चुन्यात असतं.
आबा पानाला लावतात तोच चुना,
याच शिंपल्या भट्टीत भाजून केलेला.

मग तांबं.
पहिल्या थेंबाला काहीच नाही.
शंभरात चौऱ्याऐंशी हलत होते, तेवढेच हलत राहिले.
दुसऱ्याला एकोणऐंशी.
तिसऱ्याला बावन्न.
चौथ्याला सतरा.
मेले नव्हते.
गाळात रुतलेल्या होडीचा पंखा फिरत राहतो,
तसं जागच्या जागी चाललं होतं त्यांचं.
मी वहीत सतरा लिहिलं, काच धुतली,
डबा उघडून घावणे खाल्ले.

संध्याकाळी बंदरावर
आमची होडी ओंडक्यांवर चढवलेली.
आबा तिच्या पोटाला तांबडा रंग देत होते.
तांब्याचाच तो. डब्यावरच लिहिलंय,
शिंपले धरणार नाहीत याची हमी.
मी काही बोलायच्या आत म्हणाले,
"चिकटली तर डिझेल कोण भरतलो?
तुझी कालवां?"
ब्रशवरून एक ओघळ वाळूत पडला.
भरती तिथपर्यंत येते.
मी दुसरा ब्रश घेतला.
एवढ्या मोठ्या पोटाला एक माणूस पुरत नाही.

घरी आई रात्रभर तांब्याच्या कळशीतलं पाणी
सकाळी पहिलं दादाला देते.
सात वर्षं झाली लग्नाला.
वहिनीच्या ओटीत साऱ्या गावानं नारळ घातले,
वेतोबाला केळ्यांचा घड बोलून झाला,
सोमवार झाले, गुरुवार झाले.
कणकवलीच्या डॉक्टरचा कागद मात्र
पंचांगात घडी घालून ठेवलाय.
दादानं तो कुणाला दाखवला नाही.
तिथी बघताना माझ्या हाताला लागला.
त्यातही एक आकडा आहे,
आणि मला आकडे वाचता येतात.

कालवाचं गणित माणसाला लावू नये,
हे पहिल्या वर्षाच्या पोरांना मीच सांगते.
कळशीचा दोष नाही, होडीचा नाही,
असेल तर कशाचा, ते त्या कागदावर नाही.
मला माहीत नाही.
जे माहीत आहे ते एका ओळीचं आहे.

वहिनी पडवीत कळशी घासत होती,
कोकमाच्या सोलानं.
मी तिच्याजवळ बसले
आणि ती ओळ सांगितली.
तिचा हात थांबला नाही.
काळं जाऊन आतलं लाल वर येत राहिलं.
बऱ्याच वेळानं विचारलं,
"म्हणजे माझो नाय?"
"नाय."
तिनं कळशी विसळली, पालथी घातली,
सोलाचा चोथा केळीच्या मुळाशी टाकला.
"तुझां तां यंत्र," म्हणाली,
"माका दाखवशीत?"

पहाटे पाचला आम्ही दोघी वर गेलो.
खाली बर्फवाले अजून आले नव्हते.
साध्या समुद्राचं पाणी घेतलं,
त्यात मी काही घातलं नाही, काही काढलं नाही.
तिला एक डोळा मिटता येईना,
पदरानं झाकून धरला.
मी स्क्रू फिरवला.
ती इतका वेळ वाकून होती
की मला वाटलं, काही दिसतच नसेल.

मग डोळा न काढताच म्हणाली,
"वळतत गो ही."