लागू नाही

वाडी नाक्यापलीकडे, पत्र्याच्या गोदामात,
मे महिन्याचे सेहेचाळीस अंश
कूलरच्या वाळ्यातून गाळून घेत
मी कामाच्या प्रवाहाचा नकाशा उघडला.
चौदा चौकटी, एकवीस बाण.
ट्रक पहिल्या चौकटीतून आत येतो,
चौदाव्या चौकटीतून निघतो जबलपूरला नाहीतर हैदराबादला,
आणि मधे कुठेच कोणाला तहान लागत नाही.

नववी चौकट : जकात पावती क्रमांक.
तो भरल्याशिवाय पुढचं बटण उजळत नाही.

जकात जाऊन वर्षं लोटली.
पावत्या फाडायच्या त्या खोलीत आता कोणी पंक्चर काढतं.
चौकट तेवढी राहिली,
आणि तिच्यासमोर दुर्योधन हटवार, गेटवरचे कारकून,
एका बोटाने टाइप करणारे :
लागू नाही.
दिवसाला चाळीस गाड्या, चाळीसदा लागू नाही.
मी मनात हिशेब केला, बोलले नाही.
माणसाला त्याच्या आयुष्याचा गुणाकार
करून दाखवू नये.

"काका, काढून टाकू का हे?"
"काढ ना बापा. मी काहून नाही म्हणू?"

दहा मिनिटांचं काम.
आठवीचा बाण दहावीला जोडला.
महिनाअखेरीच्या मेलमध्ये आकडा आला :
गाडीमागे चार मिनिटं वाचली.
परसोडीच्या ऑफिसात साहेबांनी
सगळ्यांच्या तर्री-पोह्याचे पैसे दिले.

मग रायपूरची औषधाची खोकी खालून ओली निघाली.
मग साबणाचा एक ट्रक, दोन टायर गुळगुळीत,
सगळ्या चौकटी हिरव्या करत बाहेर पडला
आणि बुटीबोरीपाशी रस्त्याच्या कडेला बसला.

"आधी असं होत नव्हतं," मी म्हटलं.
हटवारांनी टोपी काढून तिचा पंखा केला.
"आधी ते बटण उजळाले टाइम लागे ना, पोरी.
चकरी फिरत राहे गोल गोल.
तेवढ्यात मी उठून गाडीपाशी जाओ.
ताडपत्री उचलून पाहो. टायरले लात मारो.
डायवरले विचारो, जेवला का बे.
आता उठाचं कवा? बटण तयारच असते."

नकाशात हिरा म्हणजे निर्णय,
चौकट म्हणजे काम, गोल म्हणजे शेवट.
उठायच्या निमित्ताला चिन्ह नाही.

मी नवी चौकट काढली : बघून या.
त्यात भरायचं काही नाही.
साहेब म्हणाले, हे मोजणार कसं?
मला उत्तर आलं नाही,
अजूनही आलेलं नाही.
आणखी एक केलं, ते मात्र न विचारता :
बाण हलवायचा अधिकार हटवारांच्या लॉगिनला दिला.
त्या रात्री झोप लागली नाही नीट.
घर त्यांचं होतं
आणि किल्ली इतकी वर्षं माझ्या कमरेला.

परवा ऑफिसातून नकाशा उघडला
तर दोन चौकटींच्या अंगावर अर्धवट चढलेली
एक पंधरावी.
तिचा बाण दुसऱ्या बाणाला तुडवत गेलेला.
नाव : डायवर झोपला का.
पर्याय दोन, हो आणि नाही.
'नाही'चा बाण पुढे जातच नाही,
खाली वळतो, सोळाव्या चौकटीत शिरतो.
तिचं नाव : खाट. निंबाखाली.
मुदत दोन तास.

मी माउस नेला बाण सरळ करायला,
निदान 'डायवर' तरी.
मग जोडणी तपासली. चालते.
तसंच राहू दिलं.

आत्ता सव्वातीन वाजलेत.
सोळाव्या चौकटीत एक गाडी उभी आहे,
तिच्यापुढे लाल अक्षरात, प्रलंबित.
इशारा वाजायला लागलाय.

मी आवाज बंद करते.