काढता पाय

यांना म्हणतात क्लिपलेस पेडल,
आणि बूट तर खटकन अडकतो.
हे नाव कुणी ठेवलं, विचारलं तर
मुबीन परकार म्हणाला, मॅडम,
माझ्या बिल्डिंगचं नाव गार्डन व्ह्यू आहे.

सोहारची कोर्निश, पहाटे साडेचार.
हवा ओल्या टॉवेलसारखी अंगावर.
मासळीबाजारामागच्या पार्किंगमध्ये
भिंतीला हात टेकून मी सायकलवर बसलेय,
वय एक्कावन्न, स्मेल्टरच्या लॅबमध्ये सीनियर केमिस्ट.
बुटांच्या तळाला पिवळ्या क्लीट,
फरशीवरून शेळीसारखी वाजत आलेय.

मुबीन गुडघ्यावर बसून
षटकोनी चावीने पेडलचा स्क्रू ढिला करतो.
आधी सैलच बरा. स्प्रिंगची ओळख होऊ दे.
मग सांगतो, आणि तेच सांगत राहतो महिनाभर:
वर ओढायचा नाही. मागे ओढायचा नाही.
टाच बाहेर. फक्त टाच.
दाराची कडी सरकवतो तशी.

खट् आत. खट् बाहेर.
पन्नासदा उजवा, पन्नासदा डावा.
भिंतीशी सगळं येतं.

पडले ती तिसऱ्या दिवशी,
सिग्नलला, पूर्ण थांबलेल्या सायकलवरून.
यात वेगात कुणी पडत नाही, शून्यावर पडतात.
क्षणभर मी नुसती उभी होते दोन चाकांवर,
समोर लाल दिवा, शेजारी टॅक्सी.
डोक्याला ठाऊक होतं काय करायचं,
पायाला मात्र मिरजेतल्या भाड्याच्या सायकलची सवय,
तासाला आठ आणे: उचल आणि टेक.
उचलला.
निघेना.
मग जमीन आली, घाई न करता.
आधी कोपर, मग कंबर,
आणि सायकल अजून पायांतच.
टॅक्सीवाल्याने काच खाली केली. खैर?
खैर, म्हणाले, आडवीच.

एकोणीस वर्षं, दर ऑगस्टला मिरजेहून परतताना,
बॅगेची चेन लावत मी म्हणत आले
पाय निघत नाही गं.
खोटं नव्हतं ते. पण निघायचा,
दर वेळी, गाडीच्या वेळेवर.
खरोखर न निघणारा पाय कसा असतो
हे सोहारच्या सिग्नलला कळलं.

मुबीनने मासळीवाल्याकडून बर्फ आणला,
त्याला सुरमईचा वास.
तो कोपराला धरून कठड्यावर बसले.
थांबल्यावर सोडवायचा नसतो, मॅडम.
थांबायचं ठरलं की सोडवायचा.
तो खांब दिसतोय, तिथेच.
चाक फिरत असतानाच.
आणि जो पाय मोकळा, त्याच बाजूला कलायचं.
हे शेवटचं लोक विसरतात.
बोलता बोलता त्याचा हात
आपल्याच उजव्या खांद्याच्या हाडावर गेला,
तिथे ते थोडं वर आलेलं आहे.

त्या आठवड्यात कंपनीचं रिन्युअलचं पत्र
माझ्या ड्रॉवरमध्ये होतं, सहीशिवाय.
मी त्याचा इथे संबंध लावत नाही.
मुबीननेही लावला नाही,
त्याला माहीतच नव्हतं.

आता स्क्रू दोन वळसे घट्ट केलाय.
सिग्नलच्या आधीचा तिसरा खांब माझा,
ज्याचा दिवा बंद असतो आणि वर एक बगळा.
तिथे टाच बाहेर. खट्.
पाय असा लोंबकळत चालतो पेडलच्या बाजूने,
आधी लाज वाटायची त्याची,
शाळेत कुणी एकटंच आधी उभं राहावं तशी.

काल तो सोडवला,
डावीकडे कलायला लागले,
आणि दिवा हिरवा झाला.
टॅक्सी गेली, मासळीची पिकअप गेली,
मीही गेले, थांबण्याची सगळी तयारी करून.
उजवा पाय ओढत होता दोघांचं काम.
डावा बूट पुढच्या खांबापर्यंत
चाचपडत राहिला आपली खाच.