मापाची रिंग

माझ्या बोटांना अठरा एमएम पाठ आहे.
रिंगमधून मणी खाली पडला तर लोकल,
अडकला तर एक्स्पोर्ट.
म्हसरूळहून सकाळी सहाच्या पिकअपमध्ये
आम्ही चौदा जणी जातो दिंडोरी रोडच्या पॅकहाऊसला,
जानेवारी ते एप्रिल,
डोक्याला जाळी, अंगात पांढरा कोट.

पांढरा!
ज्यानं कुणी तो रंग ठरवला
त्याला पाळी येत नसणार.

संडासला जायचं तर वहीत वेळ लिहायची,
जातानाची, येतानाची.
चंपा गांगुर्डेच्या नावापुढं एकदा सतरा मिनिटं निघाली,
सुपरवायझरनं ती मोठ्यानं वाचून दाखवली
आणि द्राक्षं निवडणारे सगळे हात
एक क्षण थांबले.

त्या रविवारी पगारेबाईंनी अंगणवाडीच्या टेबलावर
तीन वस्तू मांडल्या.
बटणाचा कापडी पॅड, आतून मऊ फ्लॅनेल.
एक काळी निकर, जाडसर, सगळं स्वतःच पिणारी.
आणि तो कप,
फुलपात्राच्या पिल्लासारखा.
"छोटा, मधला, मोठा," बाई म्हणाल्या.
मी विचारलं, रिंग कुठंय?
सगळ्या हसल्या.
मी खरंच विचारलं होतं.

वय? चौतीस.
बाळंतपणं? दोन. एक साधं, एक टाके घालून.
तिसऱ्याचं, जे चौथ्या महिन्यातच गेलं,
ते मी सांगितलं नाही,
बाईंच्या कागदावर त्याला रकाना नव्हता.
मधला घेतला. साडेतीनशे, दोन हप्त्यांत.

पहिल्या महिन्यात तो आत उलगडलाच नाही.
मोरीत उकिडवी बसून
आधी इंग्रजी सीची घडी,
मग साताच्या आकड्याची,
मग नुसतीच शिवी.
बाहेरून नवरा, "अगं, नळ जाईल!"

दुसऱ्या महिन्यात उलगडला, तर निघेना.
चंपा फोनवर म्हणाली,
"घाबरू नको, आत काय पुणे हायवे नाहीये,
जाऊन जाऊन जाईल कुठं?"
मी हसले, आणि हसता हसता
तो आपसूक खाली आला.

तिसऱ्या महिन्यात दुपारी चार वाजता,
पनेटचं झाकण लावताना आठवलं
की आज दुसरा दिवस.
वहीत माझ्या नावापुढं
एकच नोंद, जेवणाच्या सुट्टीतली.

उकळायला कान तुटलेलं पातेलं बाजूला काढलं.
सासूबाईंनी एकदा झाकण उचलून बघितलं,
परत ठेवलं.
दुसऱ्या दिवशी फळीवर
त्या पातेल्याला वेगळी जागा झाली होती.

पण मे लागला, हंगाम संपला,
की मी कापडावर येते.
घरी असताना आत काही घालून फिरावंसं वाटत नाही,
वाहू द्यावंसं वाटतं.
बादलीतलं गुलाबी पाणी जास्वंदीला,
पॅड गच्चीवर, भर उन्हात.

समीक्षाला तेरावं लागलं तेव्हा
तिच्यासाठी सहा शिवून घेतले, बारीक फुलांचे.
म्हटलं, उघड्यावर वाळत घालायचे, लाजायचं नाही.
थोडं भाषणच झालं.
तिनं पूर्ण ऐकून घेतलं, मग म्हणाली,
"मला ती काळी निकर हवीय.
बाकीच्या कपड्यांत वाळते,
कुणाला कळत नाही."

कळू दे की, असं अगदी ओठांवर आलं होतं.
पण मला तरी कुणी विचारलं होतं,
तेराव्या वर्षी, काय हवंय म्हणून?

कोटाच्या खिशातून चुकून एक रिंग घरी आली आहे.
आता ती तिच्या अंगठ्यात असते,
अभ्यास करताना गोल गोल फिरवत बसते.
निकर चारशे वीसला एक.
दोन लागतील, एक वाळेपर्यंत दुसरी.
पॅकहाऊस बंद आहे,
पगारेबाईंना विचारून बघते
हप्त्यांचं.