मानेतला तांदूळ

एउलोखियाच्या गावात भात पिकत नाही.
साडेचार हजार मीटरवर
गवतसुद्धा दबकून उगवतं,
वाऱ्याला पाठ देऊन.
तांदूळ येतो खालून, ट्रकने,
दर दुसऱ्या गुरुवारी,
किलोवर मोजून, वहीत मांडून.

आणि आज सात वर्षांच्या तपकिरी अल्पाकाची मान
तिने उभी चिरली,
तर आत तांदूळ.
स्नायूच्या धाग्याधाग्यात एकेक दाणा,
पांढरा, टपोरा,
कुणी निवडून-पाखडून भरून ठेवावा तसा.

सिकुआनीचा व्यापारी आला होता.
त्याने आधी भाव सांगितला,
मग मान पाहिली,
मग भाव निम्मा केला,
मग काहीच न घेता पिकअपचं दार लावलं.
काच खाली करून म्हणाला,
"लोकर मात्र छान आहे हं तुमची."

ती काही बोलली नाही.
मानेचे दोन तुकडे केले
आणि पुकूकडे फेकले.
त्याने पहिला हवेतच झेलला.

ही त्याची मजुरी.
फेब्रुवारीत, पिल्लं जन्मायच्या दिवसांत,
गारा पडत असताना
तो रात्रभर वाड्याभोवती फिरला होता.
शेजारच्या कळपातून कोल्ह्याने तीन पिल्लं नेली,
हिच्यातलं एकही नाही.
पुकूचा अर्धा कान तेवढा गेला.

सोमवारी विल्बेर चांबी आला,
मोटारसायकलवर, पाठीला औषधांची पेटी.
काटकीने धुळीत गोल काढला:
अल्पाका. मांस. कुत्रा.
कुत्र्याची विष्ठा. गवत.
पुन्हा अल्पाका.
"कुत्र्याला काहीच होत नाही," तो म्हणाला,
"तो फक्त पोचवतो."

एउलोखियाने गोल नीट पाहिला.
तिच्या अल्पाका शेण टाकतात एकाच कोपऱ्यात,
सगळा कळप, वर्षानुवर्षं,
पाळी लावल्यासारख्या उभ्या राहून.
पुकू जिथे थांबेल तिथे बसतो.
अंगण त्याचं, माळ त्याचा,
ओढ्याकाठचं कोवळं गवतही त्याचंच.

"आता हे थांबवायला हवं,"
विल्बेर सरकारी भाषेत म्हणाला,
"आणि ते काम..."
पुढे त्याने तो शब्द वापरला
ज्यात कोणाला मोजलंय ते कळत नाही.
तिने केचुआत विचारलं,
"आपलं, की आमचं?"

त्याचे कान लाल झाले.
आईची भाषा त्याला समजत होती,
बोलताना अडखळायची.
"आपलं," तो म्हणाला.

"मग पुकू?
तो आपल्यात, की बाहेर?"

याचं उत्तर पेटीत नव्हतं.
त्याने कागदावरचं वाचून दाखवलं:
कच्चं देऊ नका. उकळून द्या.
खराब झालेलं खोल पुरा.
कुत्री मोकाट सोडू नका.
तो शेवटचं वाक्य हळू बोलला,
कारण समोरच्या टेकडीवर
ऊन उतरत होतं,
आणि कोल्ह्याला कागद वाचता येत नाही.

संध्याकाळी तिने उरलेलं मांस हंड्यात घातलं.
खाली वाळलं शेण, त्याच कळपाचं.
एवढं जाळलं असतं तर
दोन दिवसांचा स्वयंपाक झाला असता.

सुरीच्या टोकाने एक दाणा काढून
तिने अंगठ्याच्या नखावर ठेवला,
शेजारी गुरुवारच्या पोत्यातला एक.
दिव्याजवळ नेले, दूर नेले.
मग नखाने दाबले.
एक टणक राहिला.
एक दबला, ओला झाला.
तिने हात राखेने घासले,
दोनदा.

पुकू दाराशी बसला होता,
वाफेकडे बघत.
आजवर त्याला कुणी गरम काही दिलं नव्हतं.
"थांब," ती म्हणाली, "निवू दे."

तो थोडा वेळ थांबला.
मग अंधार पडला,
तसा उठला,
आणि न जेवताच
वाड्याकडे निघून गेला.