रात्रपाळी

गाडीला सांगून ठेवलं होतं: रात्री बारा ते पहाटे साडेपाच.
तेव्हा वीज स्वस्त.
सकाळी पाहते तर एकेचाळीस टक्के.
झोपताना एकेचाळीसच होते.

आधी स्वतःवरच संशय घेतला, सवयीप्रमाणे.
प्लग नीट बसला नसेल,
बारा दुपारचे लागले असतील.
घड्याळ चोवीस तासांचं केलं, शून्य शून्य,
आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

मग पुण्याच्या कंपनीतल्या मुलाला फोन.
"मॅडम, वेळापत्रक पुसा, परत टाका."
पुसलं. टाकलं.
"मॅडम, एक टायमर गाडीत असतो, एक भिंतीवरच्या डब्यात,
दोघं एकमेकांची वाट बघत बसले असतील."
हे मला पटलं. अशी घरं पाहिलीत मी.
डब्यातला काढून टाकला.
सकाळी तेहेतीस.

आणि गंमत अशी, की सहा वाजता बटण दाबलं
की मुकाट घ्यायची,
रात्री काही झालंच नव्हतं जणू.
म्हणजे वायर चांगली, डबा चांगला, गाडी चांगली,
बाराच वाईट.

तासाभरात घेतलं तेवढ्यावर वळसंगची शाळा होते, जाऊन-येऊन,
एसी लावला नाही तर.
एप्रिलचा शेवट. एसी लावला नाही.
परतताना स्टिअरिंगला ओढणी गुंडाळली.

पाचव्या रात्री खुर्ची खाली नेली,
मांडीवर सातवी ब चे पेपर.
बाराला डबा टिक म्हणाला. हिरवा.
एक, दोन, तीन.
लाल.
चारदा लुकलुक, थांबा, चारदा लुकलुक.
पुस्तिकेत चारच्या पुढे लिहिलंय: जमिनीची जोडणी तपासा.
म्हणजे नेमकं काय तपासा, ते नाही लिहिलेलं.

जिन्यात खोकला.
सासरे. नरसय्या गुंडेटी, एकतीस वर्षं मागावर फिटर,
अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये बाराला पाळी बदलायची,
शेड विकून तिथं मंगल कार्यालय झालं
तरी यांचे बारा अजून जागेच.
"काय करलालीस गं इथं?"
लाल दिवा दाखवला.
त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.
कडीपत्त्याखालच्या खड्ड्याचं झाकण पायानंच सरकवलं,
वाकून आत बोट घातलं,
बोटाला नुसती धूळ.

"नीळ्ळु," म्हणाले. मनातलं पहिलं ते तेलुगूतच येतं त्यांना.
मग मराठीत,
"पाणी गं. जमीन वाळलीय.
उन्हाळ्यात रात्रपाळीच्या आधी दोन बादल्या ओतायचो आम्ही,
नायतर मशीन चावायचं."

मग सकाळी कशी घेते?

"सकाळी सडा कोण घालतं?"

मीच.
साडेपाचला, झोपेत, उतारावर.
पाणी वाहत जाऊन कुठं मुरतं
हे मी लग्नापासून बघितलेलं नव्हतं.

आमच्या गल्लीत नळ पाच दिवसांनी येतो,
उद्याचा चौथा.
पिंपात तांब्या बुडवताना हात अडलाच.
त्यांनी ओळखलं. आत जाऊन
उद्या जावेनं झाडांना घालायला ठेवलेलं
तांदळाचं धुवण आणलं, वर मूठभर मीठ.
माती चुर्र करून प्यायली,
दुसऱ्या तांब्यालाही तशीच.
डबा बंद केला, चालू केला.
हिरवा. एक, दोन, तीन, चार.
पंचेचाळीसपर्यंत मोजत राहिले मी,
ते सत्तावीसलाच वर गेले.

पुण्याच्या मुलानं परवा विचारलं, काय केलंत शेवटी?
बादली, म्हटलं.
थोडं थांबून त्यानं टाइप केलं,
आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: ग्राहकाकडील वायरिंग.

आता रात्री साडेदहाला भाज्यांचं, डाळीचं, जे असेल ते पाणी
कडीपत्त्याखाली जातं. जाऊ थोडी नाराज आहे.
बाराला फोनवर निरोप येतो, चार्जिंग सुरू झाले.
मी उघडून बघत नाही.
त्याच्या जरा आधी जिन्यात खोकला येतो,
चपला खालपर्यंत जातात,
थांबतात,
आणि टिक.